हात डावा की उजवा? मेंदूतील रक्तप्रवाहाची साक्ष

मराठीत ‘उजवा’ हा शब्द नुसती दिशा सांगत नाही. ‘हा त्याच्यापेक्षा उजवा आहे’ असे म्हटले की तो सरस आहे असा अर्थ होतो. अगदी सोपे काम म्हणजे ‘डाव्या हाताचा मळ’ आणि पक्षपात करणे म्हणजे ‘डावे-उजवे करणे’. जेवण, प्रसाद, देणे-घेणे हे सारे उजव्या हाताने करायचे. अशा भाषेत आणि अशा रीतीभातींत वाढलेले एखादे मूल पहिलीच्या वर्गात येते, पाटी पुढे घेते आणि पेन्सिल डाव्या हातात धरते. पुढे काय होते ते शाळेत काम करणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेले आहे. कधी गोडीगुलाबीने, कधी डोळे वटारून ती पेन्सिल उजव्या हातात दिली जाते.

परभणीहून जिंतूरकडे जाताना झरी हे गाव लागते. झरीची शाळा घ्या किंवा दुसऱ्या कोणत्याही गावची, हा प्रश्न सगळीकडे सारखाच आहे. जगभर झालेल्या अनेक पाहण्यांचा एकत्रित हिशोब २०२० साली मांडण्यात आला. त्यात तेवीस लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. दर शंभर माणसांत साधारण दहा डावखुरी, असे त्यातून निघाले. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी चारेक मुले असावीत. वर्गात एकही डावखुरे मूल दिसत नसेल, तर ती मुले तिथे नाहीत असे समजण्याआधी त्यांचा हात बदलला गेला आहे काय, हे विचारायला हवे.

पण हात बदलल्याने नेमके काय बदलते? फक्त पेन्सिल धरणारी बोटे, की त्या बोटांना चालवणारा मेंदूही? मेंदू कवटीत बंद असतो. बोटे हलत असताना आत काय चालले आहे ते कसे पाहायचे? या प्रश्नाचा माग काढताना शास्त्रज्ञांच्या हाती जो धागा लागला, तो होता रक्ताचा. त्या धाग्याची ही गोष्ट सव्वाशे वर्षांहून मोठी आहे.

आडवी गेलेली वाट

उजव्या हाताचा कारभार मेंदूच्या डाव्या अर्ध्याकडे आणि डाव्या हाताचा उजव्या अर्ध्याकडे असतो, हे आपण शाळेत शिकवतो. मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे बहुतेक मज्जातंतू मेंदूच्या देठापाशी, म्हणजे मेरुरज्जू सुरू होण्याच्या जरा आधी, एकमेकांना छेदून पलीकडे जातात. फ्रान्समधील लष्करी वैद्य पूरफूर द्यु पेती यांनी १७१० साली जखमी सैनिकांच्या निरीक्षणांतून आणि शवविच्छेदनातून ही रचना दाखवून दिली होती.

याचा अर्थ मेंदूचे दोन अर्धे एकमेकांची आरशातील प्रतिमा आहेत, असा नाही. पॅरिसचे शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये वाचा गेलेल्या एका रुग्णाचा मेंदू तपासला. इजा डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागात होती. असे आणखी रुग्ण पाहिल्यावर १८६५ साली त्यांनी लिहिले, की बोलण्याचे काम आपण मुख्यतः डाव्या गोलार्धाने करतो. मग एक सोपे सूत्र रूढ झाले : उजव्या हाताच्या माणसाची भाषा डावीकडे, तर डावखुऱ्याची उजवीकडे. हे सूत्र पुढे चुकीचे ठरले. ते कसे, ते ओघाने येईलच.

हातांच्या संदर्भात महत्त्वाचे निरीक्षण जर्मन वैद्य ह्यूगो लिपमान यांचे. एका बाजूने लुळे पडलेले रुग्ण त्यांनी तपासले आणि १९०५ साली निष्कर्ष मांडला. डाव्या गोलार्धाला इजा झाली की उजवा हात लुळा पडतो, हे अपेक्षितच होते. पण अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना धडधाकट असलेल्या डाव्या हातानेही साध्या कृती नीट करता येईनात. निरोपाचा हात हलवून दाखव, खिळा ठोकल्याचा अभिनय कर, असे सांगितले की हात भलतीच हालचाल करी. उलट उजव्या गोलार्धाला इजा झालेल्यांमध्ये ही अडचण दिसली नाही. म्हणजे डावा गोलार्ध केवळ उजव्या हाताचा चालक नव्हे, दोन्ही हातांच्या शिकलेल्या हालचालींचा आराखडाही तोच सांभाळतो, असे लिपमान यांचे म्हणणे होते.

हे सारे ज्ञान इजा झालेल्या मेंदूंवरून मिळालेले होते. धडधाकट माणसाचा हात हलत असताना मेंदूत काय होते, हे पाहायला दुसरी वाट हवी होती.

घंटा वाजली आणि मेंदूची नाडी वाढली

ती वाट इटलीतील तुरिन शहरात आंजेलो मोस्सो या शरीरक्रियाशास्त्रज्ञाला सापडली. १८७७ साली बेर्तिनो नावाच्या एका शेतकऱ्याच्या डोक्यात उंचावरून वीट पडली आणि कवटीला भोक पडले. तो वाचला. पण कवटीच्या त्या उघड्या जागी मेंदूची धडधड बाहेरून दिसत होती. तान्ह्या बाळाची टाळू लवते ना, तशी. मोस्सो यांनी त्या जागेवर एक उपकरण बसवले. धडधडीचा आलेख कागदावर उमटू लागला. दुसरे उपकरण हातावर होते.

दुपारी बारा वाजता चर्चची घंटा वाजली आणि मेंदूवरच्या आलेखाच्या लाटा उंचावल्या. हातावरचा आलेख मात्र होता तसाच राहिला. घंटा ऐकून प्रार्थना म्हणायला हवी होती असे तुला वाटले का, असे मोस्सो यांनी त्याला विचारले. पुन्हा लाटा उंचावल्या. आठ गुणिले बारा किती, असे विचारल्यावरही तेच झाले. हृदयाचा जोर वाढला म्हणून रक्त वाढले असते, तर ते हातातही वाढले असते. ज्याअर्थी ते फक्त मेंदूत वाढले, त्याअर्थी मेंदू काम करू लागला की आपल्यापुरते अधिक रक्त ओढून घेतो, असा अर्थ मोस्सो यांनी काढला. मुलांना नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे सांगायला इतके सुबक उदाहरण क्वचितच मिळेल.

पुढे १८९० मध्ये केंब्रिज येथे चार्ल्स रॉय आणि चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्राण्यांवर प्रयोग करून असे सुचवले, की मेंदूच्या ज्या भागात काम वाढते त्या भागाला रक्ताचा पुरवठा वाढवण्याची यंत्रणा मेंदूतच असावी. पण १८९६ साली लिओनार्ड हिल या वजनदार शास्त्रज्ञाने असे काही नसते, असे मत दिले. त्यानंतर कित्येक वर्षे हा विषय जवळजवळ अडगळीत पडला. विज्ञानातही माणसाचे वजन कधी कधी पुराव्यापेक्षा जास्त भरते, ते असे.

तो बाहेर काढला एका खलाशाच्या तक्रारीने. अमेरिकेतील बोस्टन येथे एक तरुण डोक्यात सतत घरघर ऐकू येते म्हणून रुग्णालयात आला. त्याच्या मेंदूच्या मागील भागावर, जिथे दृष्टीचे केंद्र असते तिथे, रक्तवाहिन्यांचे गुंतवळ झाले होते. आवाज त्यातून वाहणाऱ्या रक्ताचा होता. तो वाचू लागला की आवाज वाढे आणि वाचणे थांबवले की थोड्या वेळाने कमी होई. आवाज ऐकण्याने किंवा वास घेण्याने मात्र फरक पडत नसे. जॉन फुल्टन यांनी १९२८ साली या रुग्णाची तपशीलवार हकीकत प्रसिद्ध केली. डोळे काम करू लागले की डोळ्यांच्या केंद्राचेच रक्त वाढते, हे चक्क कानाने ऐकू आले होते.

कालव्याचे पाणी आणि वाफ्याचे पाणी

आता ऐकणे पुरे नव्हते, मोजणे हवे होते. १९४५ ते १९४८ या काळात अमेरिकेत सीमोर केटी आणि कार्ल श्मिट यांनी माणसाच्या मेंदूतून मिनिटाला किती रक्त वाहते ते मोजण्याची पद्धत बसवली. माणसाला नायट्रस ऑक्साइड वायू थोड्या प्रमाणात हुंगायला द्यायचा. धमनीतून मेंदूकडे जाणाऱ्या आणि मानेतील शिरेतून परत येणाऱ्या रक्तात तो किती आहे ते वेळोवेळी तपासायचे आणि फरकावरून प्रवाहाचे गणित करायचे. उत्तर निघाले : मेंदूच्या दर शंभर ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर. म्हणजे एकूण सुमारे पाऊण लिटर. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तात मात्र सुमारे पंधरा टक्के.

मग १९५५ साली लुई सोकोलॉफ, केटी आणि सहकाऱ्यांनी तरुण स्वयंसेवकांना तोंडी हिशोब करायला लावून हीच मोजणी केली. आश्चर्य म्हणजे मेंदूचा एकूण रक्तप्रवाह बदललाच नाही. मग मोस्सो चुकले होते का?

परभणी जिल्ह्यातील शेतकरी या कोड्याचे उत्तर लगेच देईल. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाण्याची पाळी सुटली की कालव्यातून वाहणारे पाणी तेवढेच असते. पण शेतात दारे धरणारा माणूस फावड्याने एका वाफ्याचे तोंड बंद करतो आणि दुसऱ्याचे उघडतो. कालव्याच्या तोंडाशी मोजले तर फरक दिसत नाही, वाफ्यात उभे राहून मोजले तर दिसतो. मेंदूचेही असेच आहे. आपण काही करत नाही असे वाटते तेव्हाही तो कामातच असतो, आणि हिशोब करताना रक्ताची वाढ एखाद्या कोपऱ्यात होते. ती एकूण बेरजेत हरवून जाते. वाफ्यावाफ्याचे मोजमाप करायला हवे होते.

हे वाफ्याचे तोंड कोण उघडतो, तेही आता बरेच समजले आहे. काम करणाऱ्या चेतापेशी आणि त्यांच्या शेजारच्या आधारपेशी नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्ये सोडतात. त्यामुळे जवळच्या बारीक धमन्या रुंदावतात. एक-दोन सेकंदांत रक्त वाढू लागते आणि पाच-सहा सेकंदांत ही वाढ कळसाला पोचते.

हात हलला, रक्त वाढले

वाफ्यावाफ्याचे मोजमाप स्कँडिनेव्हियात झाले. स्वीडनमधील डेव्हिड इंगवार आणि डेन्मार्कमधील निल्स लासेन यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला किरणोत्सारी क्रिप्टॉन आणि नंतर झेनॉन वापरायला सुरुवात केली. हा वायू द्रावणात मिसळून मानेतील धमनीत टोचायचा. मेंदूच्या ज्या भागात रक्त वेगाने वाहते, तिथून तो लवकर धुऊन निघतो. कवटीबाहेर ठेवलेली गणकयंत्रे ते किरण मोजतात. सुरुवातीला अशी गणकयंत्रे मोजकीच होती. १९७०च्या दशकात कोपनहेगनमध्ये २५४ गणकयंत्रांचा संच डोक्याशेजारी बसवला जाई आणि प्रत्येकाच्या वाट्याला मेंदूच्या पृष्ठभागाचा सुमारे एक चौरस सेंटिमीटर भाग येई.

आपल्या विषयातील पहिली खूणगाठ १९७१ची आहे. डेन्मार्कमधील येस ओलेसेन यांनी दाखवून दिले, की माणूस हाताने काम करू लागला की विरुद्ध बाजूच्या गोलार्धात एका ठराविक जागी रक्तप्रवाह वाढतो. पूरफूर द्यु पेती यांनी मृत देहात पाहिलेली आडवी वाट आता जिवंत, जाग्या माणसात दिसली.

१९८० साली पेअर रोलांड, लासेन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकले. रुग्णाला बोटांच्या हालचालींची एक गुंतागुंतीची मालिका शिकवली. ती करताना हाताच्या केंद्रात रक्त वाढलेच, शिवाय मेंदूच्या माथ्यावर, मध्यरेषेजवळच्या एका पूरक भागातही वाढले. मग त्याला सांगितले, की बोटे हलवू नकोस, फक्त मनात ती मालिका म्हण. आता हाताचे केंद्र शांत होते, पण तो पूरक भाग मात्र जागा होता. आराखडा करणारा आणि तो अमलात आणणारा, हे दोघे वेगळे असतात असे लिपमान म्हणाले होते. रक्ताने त्याला दुजोरा दिला.

या पद्धतीची मर्यादा उघड होती. धमनीत सुई टोचायची, म्हणजे ती काही आजारामुळे अशी तपासणी लागणाऱ्या रुग्णांवरच करता येई. शिवाय ज्या बाजूच्या धमनीत टोचले त्याच बाजूचा गोलार्ध दिसे. डाव्या-उजव्याची तुलना करायची, तर दोन्ही बाजू एकाच वेळी पाहणे गरजेचे होते.

शिल्लक राहिलेला ऑक्सिजन

ती सोय पॉझिट्रॉन चित्रणाने, म्हणजे ‘पेट’ तपासणीने केली. पाण्यातील ऑक्सिजनच्या जागी किरणोत्सारी ऑक्सिजन-१५ घेतात आणि ते पाणी हाताच्या शिरेत टोचतात. त्याचे अर्धे आयुष्य जेमतेम दोन मिनिटे असल्याने ते बनवणारे सायक्लोट्रॉन यंत्र शेजारीच लागते. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट यंत्र मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली सुरू झाले.

पेटच्या साहाय्याने पीटर फॉक्स आणि मार्कस राइकल यांनी १९८६ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट मोजली. हाताच्या बोटांना कंपनाचा स्पर्श दिला असता संबंधित भागातील रक्तप्रवाह २९ टक्क्यांनी वाढला, पण ऑक्सिजनचा खप वाढला केवळ ५ टक्क्यांनी. वाफ्याला लागते त्याहून कितीतरी जास्त पाणी सोडले, तर उरलेले पलीकडच्या टोकाने वाहून जाते. तसेच इथे होते. काम करणाऱ्या भागातून बाहेर पडणाऱ्या रक्तात एरवीपेक्षा जास्त ऑक्सिजन शिल्लक असतो.

या शिलकीतूनच पुढची क्रांती झाली. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकाला वेगळा प्रतिसाद देते, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ सालीच दाखवले होते. १९९० मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सेइजी ओगावा यांनी हाच फरक एम.आर.आय. यंत्रात टिपता येतो, हे उंदरांच्या मेंदूवर दाखवले. १९९२ साली अमेरिकेतील वेगवेगळ्या गटांनी तो माणसात टिपला. त्यांतील विस्कॉन्सिनच्या गटाचा प्रयोग होता बोटे आपटण्याचा! सुई नाही, किरणोत्सार नाही. निरोगी माणूस यंत्रात पडून राहतो, बोटे हलवतो आणि दोन्ही गोलार्ध एकाच वेळी दिसतात. काटेकोरपणे बोलायचे, तर हे यंत्र रक्तप्रवाह थेट मोजत नाही, त्याची ऑक्सिजनवर पडलेली छाया मोजते. पण डाव्या-उजव्या हाताचा प्रश्न आता सरळ विचारता येणार होता.

एका हाताला एक गोलार्ध?

१९९३ साली मिनेसोटा विद्यापीठातील सेओंग-गी किम आणि सहकाऱ्यांनी तो विचारला. उजव्या हाताच्या आणि डावखुऱ्या माणसांना त्यांनी एकेका हाताची बोटे हलवायला सांगितली. उजव्या गोलार्धातील हालचालीचे केंद्र अपेक्षेप्रमाणे मुख्यतः विरुद्ध, म्हणजे डाव्या हाताच्या वेळी जागे झाले. डाव्या गोलार्धाचे केंद्र मात्र उजव्या हाताच्या वेळी तर जागे झालेच, पण डाव्या हाताच्या वेळीही बऱ्यापैकी जागे झाले. हे डावखुऱ्यांतही दिसले आणि उजव्या हाताच्या माणसांत त्याहून ठळकपणे दिसले. हालचाल जितकी गुंतागुंतीची, तितका त्याच बाजूच्या गोलार्धाचा सहभाग जास्त, असे पुढील प्रयोगांत आढळले. लिपमान यांनी लुळ्या रुग्णांवरून बांधलेला अंदाज अठ्ठ्याऐंशी वर्षांनी निरोगी माणसांत असा उमटला.

यातून पहिला धडा मिळतो तो असा, की डावखुरा म्हणजे उजव्या हाताच्या माणसाची आरशातील प्रतिमा नव्हे. भाषेबाबतही तेच. जर्मनीतील स्टेफान क्नेख्ट आणि सहकाऱ्यांनी २००० साली ३२६ निरोगी माणसे तपासली. कानशिलावरून ध्वनिलहरी सोडून त्यांनी मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या धमन्यांतील रक्ताचा वेग मोजला. त्या वेळी ती माणसे दिलेल्या अक्षराने सुरू होणारे शब्द मनात जुळवत होती. शब्द जुळवताना उजव्या बाजूचे रक्त अधिक वेगाने धावले असे लोक, पक्क्या उजव्या हाताच्या माणसांत ४ टक्के, दोन्ही हात सारखे वापरणाऱ्यांत १५ टक्के आणि पक्क्या डावखुऱ्यांत २७ टक्के निघाले. म्हणजे पक्क्या डावखुऱ्यांपैकीही बहुतेकांची भाषा डावीकडेच. ‘डावखुरे उजव्या मेंदूने विचार करतात, म्हणून ते कलावंत असतात’ अशी वाक्ये आपण ऐकतो. या आकड्यांत त्यांना आधार सापडत नाही.

हात बदलला, मेंदू बदलला का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जर्मनीत एके काळी डावखुऱ्या मुलांना सक्तीने उजव्या हाताने लिहायला लावत. अशी मुले मोठी झाल्यावर त्यांच्या मेंदूतील रक्तप्रवाह हार्टविग झीबनर आणि सहकाऱ्यांनी पेट यंत्राने मोजला. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. हात बदललेले ११ प्रौढ आणि त्याच वयाचे, जन्मापासून उजव्या हाताचे ११ प्रौढ यांना उजव्या हाताने लिहायला सांगितले. दोन्ही गटांतील माणसे उजव्याच हाताने लिहीत आली होती, हात बदललेल्यांना तर त्याचा कित्येक वर्षांचा सराव होता.

जन्मतः उजव्या हाताच्या माणसांत लिहिताना मुख्यतः डाव्या गोलार्धातील आराखड्याचे भाग जागे झाले. हात बदललेल्यांत दोन्ही गोलार्ध कामाला लागले. उजव्या गोलार्धातील हालचालीची आखणी करणारे भाग त्यांच्यात आजही जागे होत होते. याच विषयावर २००७ साली श्टेफान क्लॉपेल यांच्यासह झालेल्या अभ्यासाने आणखी बारकावा दाखवला. हाताला प्रत्यक्ष हुकूम देणारे भाग सरावाने उजव्या हाताच्या माणसांसारखे झाले होते, पण त्यांच्या वरचे, आखणी करणारे भाग मात्र बदलले नव्हते.

थोडक्यात, हात शिकतो. गांधीजींनी १९०९ साली बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा हात थकल्यावर काही पाने डाव्या हाताने लिहिली होती. सक्तीने हात बदललेली माणसेही उत्तम लिहितात. हे अभ्यास त्यांना आजारी ठरवत नाहीत. पण ज्या कलाने मूल जन्माला आले, तो कल मेंदूतून पुसला जात नाही. आपण मुलाची खोड मोडतो आहोत असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूला तेच काम अधिक लांबच्या वाटेने करायला लावत असतो. आणि ते कशासाठी, तर भाषेने आणि रिवाजाने एका बाजूला सरस म्हटले म्हणून.

हा कल किती लवकर ठरतो, याचाही एक पुरावा आहे. उत्तर आयर्लंडमधील पीटर हेपर आणि सहकाऱ्यांनी गर्भावस्थेत अंगठा चोखताना पाहिलेली ७५ मुले दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. उजवा अंगठा चोखणारी साठच्या साठ मुले उजव्या हाताची निघाली. डावा चोखणाऱ्या पंधरांपैकी दहा डावखुरी आणि पाच उजव्या हाताची निघाली. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतील या फरकामागे आनुवंशिकतेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश दिसतो. त्यात कोणा एका जनुकाची मक्तेदारी नाही, अनेक जनुकांचा थोडाथोडा हातभार आहे. आईवडील दोघे उजव्या हाताचे असताना मूल डावखुरे निघाले, तर त्यात नवल नाही आणि कोणाचा दोषही नाही.

वर्गात काय करता येईल?

पहिले काम, ओळखण्याचे. एडिंबरो येथील रिचर्ड ओल्डफील्ड यांनी १९७१ साली दहा साध्या कामांची यादी केली. ती आजही जगभर वापरली जाते. तिच्यात लिहिणे आणि चित्र काढणे आहे, तसेच चेंडू फेकणे, कात्री चालवणे, दात घासणे, आगकाडी ओढणे, डब्याचे झाकण उघडणे हेही आहे. आपल्याकडे लिहिणे आणि जेवणे यांवर घरचा दाब असतो. म्हणून ज्यांच्याकडे मोठ्यांचे लक्ष जात नाही, अशी कामे पाहावीत. झरीसारख्या गावात गोफण फिरवणे, खुरपे धरणे, विटी-दांडूतील दांडू मारणे ही कामे यादीत घालता येतील. कापूस वेचणीला दोन्ही हात लागतात, ती घेऊ नये. सगळ्या वर्गाचा असा तक्ता मुलांकडूनच करून घेतला, तर तो गणिताचाही पाठ होईल.

तक्ता भरताना दिसेल, की एकच मूल सगळी कामे एकाच हाताने करते असे नाही. सचिन तेंडुलकर फलंदाजी आणि गोलंदाजी उजव्या हाताने करीत असे, पण सही करतो डाव्या हाताने. हात हे दोन कप्पे नसून एक उतरण आहे, हे मुलांना याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

दुसरे काम, सोय करण्याचे. देवनागरी डावीकडून उजवीकडे लिहितात. उजव्या हाताचे मूल लिहिलेले मागे सोडत पुढे जाते. डावखुऱ्याचा हात मात्र लिहिलेल्या अक्षरांवरूनच सरकतो. पाटीवरचे पुसले जाते, वहीतली शाई फिसकटते, आणि ‘अक्षर गलिच्छ’ असा शेरा मिळतो. त्यावर उपाय साधे आहेत. वही छातीच्या मध्यापेक्षा थोडी डावीकडे ठेवावी आणि तिचे वरचे टोक उजवीकडे कलते करावे. पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला सांगावी, म्हणजे लिहिलेले दिसते. बाकावर अशा मुलाला डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी टक्कर होत नाही. अक्षराचे वळण दाखवताना आपण मुलासमोर तोंड करून बसावे, म्हणजे त्याला आपला हात आरशातल्यासारखा दिसतो. कात्री बहुधा उजव्या हातासाठी घडवलेली असते. तिने कापता आले नाही तर तो मुलाचा दोष मानू नये.

तिसरे काम, पालकांशी बोलण्याचे. प्रसाद कोणत्या हाताने घ्यायचा हा घरातील रिवाजाचा प्रश्न आहे, आणि त्यावर वाद घालण्याची गरज नाही. पाटीवर कोणत्या हाताने लिहायचे, हा मात्र मुलाच्या मेंदूचा प्रश्न आहे. तो सोडवताना बेर्तिनो शेतकऱ्यापासून झीबनर यांच्या अकरा प्रौढांपर्यंतचा पुरावा पालकांसमोर साध्या शब्दांत ठेवता येईल.

मोस्सो यांना जे पाहायला कवटीला पडलेल्या भोकाची वाट पाहावी लागली, ते आज आपल्याला कवटी न उघडता ठाऊक आहे. शिक्षकाला त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. मुलाने पेन्सिल कोणत्या हातात घेतली तेवढे पाहावे आणि ती त्याच हातात राहू द्यावी.